पगारवाढ मागितली की मावशी लबाड का ठरतात?

चकलीबहाद्दर: आमच्या सोसायटीत धुणंभांडी करणाऱ्या मावशींनी मिळून पगारवाढ मागितली. कालपर्यंत 'घरच्यासारख्या' असलेल्या मावशी ग्रुपवर एका रात्रीत कामचुकार ठरल्या! माझ्या मते हे मत खिशातून आलंय. अर्थतज्ज्ञ राफाएल दि तेला आणि सहकाऱ्यांचा एक प्रयोग 2015 मध्ये 'अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू'त आला होता. दोघांच्या खेळात समोरच्याची टोकनं (म्हणजे पैशांत बदलणारे बिल्ले) घ्यायची ज्यांना जास्त मुभा, त्यांनी जास्त घेतली. वर 'समोरचा पैसे खाणाराच' असंही त्यांनाच जास्त वाटलं. अचूक अंदाजाला बक्षीस असूनही!

कोथरूडकर: टोकनांच्या खेळावरून आम्हाला जोखू नका. आमच्या बाई गेल्या दिवाळीत बहिणीचं लग्न सांगून गेल्या आणि शेजारच्या इमारतीत लादी पुसताना दिसल्या. हा पुरावा नाही?

चकलीबहाद्दर: आहे ना, एका बाईंविरुद्ध. पण दिवाळीत गप्प बसलात, आठवण पगारवाढीच्या आठवड्यात झाली. आणि शिक्षा सगळ्या मावशींना?

रिकामटेकडी: याहून सोपी पळवाट म्हणजे माहितीच न घेणं. दाना, वेबर आणि क्वांग यांच्या 2007च्या प्रयोगात आपल्या निवडीने दुसऱ्याचं नुकसान होतंय का, हे एक बटण दाबून फुकटात कळत होतं. बऱ्याच जणांनी ते दाबलंच नाही. मावशी खोलीचं भाडं किती भरतात, ग्रुपवर कुणी विचारलंय? घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा 2008चा आहे. त्यांची नोंदणी झालीये का, हे तरी?

कोथरूडकर: सोयीचं मत फक्त आमचंच का? 'साहेबांना काय कमी आहे' म्हणत महिन्यात चौथा खाडा करणाऱ्या बाईंचं काय? माझाही पगार वाढलेला नाही. परवडत नाही, हे कारण खरं आहे.

रिकामटेकडी: मग तेवढंच सांगा की! त्या दुसरं घर बघतील. चारित्र्याचा पंचनामा कशाला?

तळमजला: मी म्हणतो, समितीनेच दर ठरवावा. भांडणच नको.

चकलीबहाद्दर: वा! म्हणजे कंजूष मी नाही, समिती. समितीत एकतरी मावशी आहे का?

कोथरूडकर: बोलवा की त्यांना बैठकीला. पण खाड्यांची वही आणायची, आणि त्या लग्नाचं मी विचारणारच.