बुचाच्या फुलांविषयी थोडी भर

बुचाच्या झाडावरील चर्चेत एका सदस्यांनी बुच आणि आकाशमोगरा ही दोन वेगळी झाडे असल्याचे लिहिले आहे, परंतु ही एकाच वृक्षाची नावे असून गगनजाई हे त्याचे आणखी एक नाव आहे. मूळचा ब्रह्मदेश आणि आग्नेय आशियातला हा उंच वृक्ष आपल्याकडे बागांतून व रस्त्यांच्या कडेला लावला गेला. त्याच्या मऊ, भेगाळ सालीपासून हलक्या प्रतीची बुचे करीत, म्हणून मराठीत त्याला हे साधे नाव मिळाले. बंगालीत मात्र तो हिमझुरी आहे, आणि थंडीत झुरूझुरू गळणाऱ्या फुलांना याहून समर्पक नाव मला तरी सुचत नाही.

फुले रात्री उमलतात व पहाटे झाडाखाली पांढरा सडा पडतो. लांब, नळीसारख्या देठांमुळे सुई-दोऱ्यावाचून, देठात देठ गुंफून त्यांची वेणी होते. ही वेणी मुलींच्या हातांनी पिढ्यान्‌पिढ्या जपलेली कला आहे, आणि या झाडाचे आपल्या संस्कृतीतले खरे स्थान मला देवपूजेपेक्षा तिथेच दिसते. त्याचे लाकूड ठिसूळ असल्याने वादळात फांद्या मोडतात, हे खरे. पण तेवढ्यासाठी झाड समूळ तोडू नये, वेळेवर छाटणी करावी.