जकात, हशील आणि धक्काभाडं

सांगलीहून प्रश्न

नमस्कार. आमच्या वाचनालयात मुंबई बंदराचे एकोणिसाव्या शतकातले नियम मराठीत आणायचं काम चालू आहे. कस्टम्स ड्यूटी, पोर्ट ड्यूज आणि व्हार्फेज हे तीन शब्द पानोपानी येतात. मी तिन्हींना 'जकात' लिहिलंय. बंदरावर भरायचा पैसा म्हणजे जकातच ना? आणि 'कॉन्झर्व्हेटर' या अधिकाऱ्याला 'शहाबंदर' चालेल का?

साताऱ्याहून उत्तर

ताई, तिन्हींना जकात लिहू नका. अर्थाचा अनर्थ होईल.

जकात मालावर. ती सरकारच्या तिजोरीत जायची, आणि १८७८ पासून तिच्यासाठी समुद्री जकातीचा स्वतंत्र कायदा होता. पोर्ट ड्यूज गलबतावर, तेही गलबताच्या टनांवर. आत गूळ आहे की कापूस, याच्याशी त्याचा संबंध नाही. बंदरांचा पहिला सर्वसाधारण कायदा १८५५ चा, पुढे १८७५ आणि १८८९ चे. १८८९ च्या कायद्यात तर प्रत्येक बंदराचा फंड वेगळा ठेवायला सांगितलंय, म्हणजे एका बंदराचा पैसा त्याच बंदरावर खर्च व्हावा. व्हार्फेज पुन्हा मालावरच, पण धक्का वापरल्याबद्दल. मुंबईत आधी धक्के बरेचसे खाजगी होते. १८७३ साली पोर्ट ट्रस्ट स्थापन झाल्यावर हा पैसा ट्रस्टकडे जाऊ लागला.

आपल्याकडच्या आठवडी बाजाराचं बघा. मालावरची पट्टी वेगळी, गाडी उभी केल्याचे पैसे वेगळे, ओट्यावर जागा घेतली तर त्याचे आणखी वेगळे. तिन्ही एकाच दिवशी, एकाच माणसाच्या खिशातून जातात, पण कुणी त्यांना एका नावानं ओळखत नाही.

आता खरी अडचण १८८२ सालची. त्या वर्षी सरकारनं मीठ, दारू असे मोजके जिन्नस सोडून आयातीवरची जकात उठवली. ती परत बसली १८९४ साली, सर्वसाधारणपणे शेकडा ५. मधल्या बारा वर्षांत पोर्ट ड्यूज आणि व्हार्फेज चालूच होते. तुम्ही सगळीकडे 'जकात' लिहिलीत, तर वाचकाला वाटेल की १८८३ सालचा व्यापारी उठवलेलाच कर भरतोय. म्हणून माझा एवढा आग्रह.

माझी सूचना अशी: कस्टम्स ड्यूटीला 'जकात', पोर्ट ड्यूजला 'बंदर-हशील' आणि व्हार्फेजला 'धक्काभाडं'.

'टन' लिहितानाही जपा. तो वजनाचा टन नव्हे. इंग्रजी नोंदणीत १०० घनफूट जागेला एक टन धरत. आपल्या जुन्या कागदांत गलबत खंडीवर मोजलेलं दिसतं. वीस मणांची खंडी आपल्याकडे कुणाला नव्यानं सांगायला नको, मेंढरंसुद्धा खंडीवर मोजतात. पण म्हणून टनाची खंडी करू नका. तळटीप द्या.

कऱ्हाडहून

सर, 'हशील' शब्द आता फक्त 'बोलून काय हशील?' एवढ्यातच उरलाय. तरुण वाचकाला कर हा अर्थ लागेल का?

साताऱ्याहून

लागेल, दादा. टपालहशील अजून वापरात आहे. मूळ अरबी शब्द 'हासिल', म्हणजे हाती आलेलं. त्यातून महसूल, कर हा अर्थही आला आणि 'काय हशील' मधला फायदाही. पहिल्याच पानावर अर्थ दिला की झालं. आणि हा शब्द आपल्या मुलखाला परका नाही. तुमच्याच कऱ्हाडावरून कुंभार्ली घाट उतरून माल चिपळूणला जायचा, गोवळकोटच्या धक्क्यावर होडीत चढायचा आणि मुंबईला पोचायचा. १८८० च्या दशकात पुण्याहून मिरजेपर्यंत रेल्वे आली तेव्हा ती वाट मागे पडली. घाटावरचा व्यापारी बंदराची भाषा जाणून होता.

सांगलीहून

सर, पटलं. सगळी पानं पुन्हा तपासते. शहाबंदराचं राहिलं.

साताऱ्याहून

तो शब्द नकोच. शहाबंदर म्हणजे जुन्या राजवटीत बंदराचा मुख्य. व्यापारी, त्यांचा माल, वसुली, सगळं त्याच्या हाताखाली. कॉन्झर्व्हेटरचा अधिकार पाण्यावरचा: कुणी कुठं थांबायचं, येण्याजाण्याची वाट मोकळी ठेवायची, बुडालेलं गलबत काढवायचं, बंदरात कचरा टाकू द्यायचा नाही. जकातीत त्याचा हात नाही. 'बंदररक्षक' बरं. तुमचं वाक्य असं होईल: 'बंदररक्षक दाखवील त्याच जागी गलबतानं नांगर टाकावा, आणि त्याच्या हुकुमाशिवाय जागा बदलू नये.' 'अँकर करावे' असं लिहू नका, 'नांगर टाकणे' इतका सरळ शब्द हाताशी आहे.