मदत हवी आहे: रिपोर्टमध्ये ४५ गुणसूत्रं आलीत. ४५ चे निम्मे किती?

होटगी_रोड (शनिवार, रात्री १०.४०)

तातडीने मदत हवी आहे. रिपोर्ट आज दुपारी व्हॉट्सॅपवर आला. त्यात ४५ लिहिलंय. शाळेत शिकलोय की माणसाच्या शरीरातल्या पेशीत ४६ गुणसूत्रं असतात, २३ जोड्या. शुक्राणूत आणि अंडपेशीत निम्मी, म्हणजे २३. इथपर्यंत ठीक आहे. पण ४५ चे निम्मे साडेबावीस होतात की ओ! मग ते अर्धं गुणसूत्र जातं कुठं? का एकीकडे २२ आणि दुसरीकडे २३ जातात? आणि २२ वालं गेलं तर बाळात एक कमीच येणार ना?

डॉक्टर गावाला गेलेत, सोमवारी संध्याकाळी भेटणार. लॅबला फोन केला तर "डॉक्टरांना दाखवा" एवढंच म्हणाले. दुपारपासून मोबाइलवर वाचून वाचून डोकं चालंना झालंय. कुणीतरी सरळ मराठीत सांगा. आणि कृपा करून "डॉक्टरांना भेटा" असं लिहू नका, भेटणारच आहे.

शेंगाचटणी (१०.५२)

दादा, रिपोर्ट कुणाचा? वय काय? टेस्ट कशासाठी केली? यातलं काहीच लिहिलं नाहीत.

मीनल_कोथरूड (१०.५८)

४५ म्हणजे टर्नर सिंड्रोम. आमच्या नात्यातल्या मुलीला आहे म्हणून खात्रीने सांगते. मुलींना एक्स गुणसूत्रं दोन असतात, टर्नरमध्ये एकच असतं. उंची कमी राहते, पाळी बहुतेक वेळा आपोआप येत नाही, हार्मोनच्या गोळ्या द्याव्या लागतात. हृदयाची आणि किडनीची सोनोग्राफी आधी करून घ्या. आमची मुलगी आता बँकेत नोकरीला आहे, अगदी व्यवस्थित आहे. वहिनींना घाबरू देऊ नका.

होटगी_रोड (११.०५)

टर्नर नाही वाटत ताई. उंची, तब्येत सगळं ठीक आहे. तीनदा झालं म्हणून डॉक्टरांनी ही टेस्ट सांगितली. माझा प्रश्न साडेबावीसचा आहे.

शेंगाचटणी (११.०७)

तीनदा काय झालं?

होटगी_रोड (११.१५)

गर्भ राहिला नाही. आठव्या आठवड्यात, मग नवव्या, आणि दिवाळीनंतर परत आठव्या.

नवी_पेठ_७७ (११.२१)

वाईट वाटलं वाचून. पण खरं ते सांगतो. घोड्यात ६४, गाढवात ६२ आणि त्यांच्या खेचरात ६३ गुणसूत्रं असतात. आकडा विषम आला की जोड्या लागत नाहीत, म्हणून खेचराला पिल्लं होत नाहीत. ४५ पण विषमच आहे. वेळ न घालवता दत्तक घेण्याचा विचार करा. आमच्या चुलतभावाने घेतलं, घर भरून गेलं.

जीवशास्त्र_मास्तर (११.४०)

नवी पेठवाले, दत्तक घेणं उत्तमच, पण तुमचं कारण चुकीचं आहे आणि या माणसाला आज रात्री झोप लागणार नाही. खेचराची अडचण विषम आकड्याची नाही. घोडा आणि गाढव यांच्या गुणसूत्रांची मांडणीच इतकी वेगळी झाली आहे की बहुतेकांना आपला जोडीदार सापडत नाही.

आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण घ्या. पंढरपुरी म्हशीच्या पेशीत ५० गुणसूत्रं असतात. आग्नेय आशियात भातशेतीला जुंपतात त्या दलदली म्हशीत ४८, कारण तिच्यात दोन गुणसूत्रं जुळून एक झाली आहेत. या दोघींच्या संकरात ४९ येतात. आकडा विषम, तरी त्या जनावरांना पिल्लं होतात.

होटगी रोड, तुमचं उत्तर मी देतो, पण रिपोर्टवरची पूर्ण ओळ हवी. नुसत्या "४५" वरून काहीही सांगणं म्हणजे अंधारात दगड मारणं.

काचपट्टी (११.४८)

मी पुण्यात याच कामाच्या लॅबमध्ये तंत्रज्ञ आहे. सरांशी सहमत. ४५ च्या पुढे स्वल्पविराम देऊन जी अक्षरं आहेत ती जशीच्या तशी टाका. आणि जोडीदाराची टेस्ट झाली का? झाली असेल तर तिची ओळ पण टाका.

होटगी_रोड (रविवार, १२.०२)

४५,एक्सवाय,डीईआर(१३;१४)(क्यू१०;क्यू१०). खाली लिहिलंय, २० पेशी तपासल्या. बायकोचा ४६,एक्सएक्स आहे, त्यात काही नाही.

मीनल_कोथरूड (१२.०४)

एक्सवाय? म्हणजे रिपोर्ट तुमचा आहे?

होटगी_रोड (१२.१०)

हो, माझा. पहिल्यांदाच लिहायला पाहिजे होतं. दोन वर्षं घरात सगळ्यांनी तिच्याकडेच बघितलंय. आईनं, मामीनं, शेजारच्यांनी. उपास झाले, काढे झाले, ती सगळं गप करत राहिली. दुपारी रिपोर्ट उघडला तेव्हापासून मी तिच्याशी धड बोललेलो नाही.

मीनल_कोथरूड (१२.१३)

माफ करा, माझं टर्नरचं सगळं चुकलं. टर्नरमध्ये ४५ च्या पुढे नुसतं एक्स असतं. मी न विचारता वहिनींचं गृहीत धरलं, याचं जास्त वाईट वाटतंय.

जीवशास्त्र_मास्तर (१२.५०)

आता सविस्तर लिहितो. वर्गात मी वह्यांचं उदाहरण देतो, तेच देतो.

समजा प्रत्येक पेशीत ४६ वह्या आहेत. १ ते २२ नंबरच्या प्रत्येकी दोन, एक आईकडून आलेली आणि एक वडिलांकडून. शिवाय एक्स आणि वाय. तुमच्यात १३ नंबरची एक वही आणि १४ नंबरची एक वही एकत्र शिवली गेली आहे. डीईआर म्हणजे ती शिवलेली वही. मोजायला गेलं तर ४५, वाचायला गेलं तर मजकूर पूर्ण. शिवताना दोघींची सुरुवातीची छोटी पानं गळाली, पण तीच पानं १३, १४, १५, २१ आणि २२ या नंबरांच्या उरलेल्या आठ वह्यांत आहेत, म्हणून अडत नाही. याला रॉबर्टसोनियन स्थानांतरण म्हणतात. साधारण हजारात एका माणसात ते सापडतं आणि त्यात १३ व १४ ची जोडी सगळ्यात जास्त. तुम्ही आजारी नाही, तुम्ही वाहक आहात.

शरीर वाढतं, जखम भरते तेव्हा सूत्री विभाजन होतं. प्रत्येक वहीची नक्कल निघते आणि दोन्ही पेशींना पूर्ण संच मिळतो. ४५ च्या ४५. तिथे जोडीदार शोधायची गरजच नसते, म्हणून तुम्हाला आयुष्यभर काही जाणवलं नाही.

शुक्राणू तयार होताना अर्धगुणसूत्री विभाजन होतं. आधी जोड्या लागतात, मग प्रत्येक जोडीतलं एक इकडे, एक तिकडे. तुमच्यात शिवलेली वही, सुटी १३ आणि सुटी १४ अशा तिघी एकत्र येतात. त्या तिघींची वाटणी कशी होते यावर सगळं अवलंबून आहे.

शिवलेली एकीकडे आणि दोन्ही सुट्या दुसरीकडे गेल्या तर एका शुक्राणूत २२ आणि दुसऱ्यात २३. म्हणजे २२ आणि २३ हा तुमचा अंदाज बरोबर होता. चूक पुढच्या वाक्यात आहे. त्या २२ मध्ये काहीच कमी नाही. त्यातून होणारं बाळ तुमच्यासारखंच ४५ चं, निरोगी वाहक. २३ वाल्यातून होणारं बाळ ४६ चं.

वाटणी बिघडली तर शिवलेली वही आणि सुटी १३ एकाच शुक्राणूत जातात. मोजा, बरोबर २३ भरतात. अंडपेशीचे २३ मिळवले की ४६. आकडा बिनचूक, पण १३ चा मजकूर तीनदा. तसाच १४ चा तीनदा होऊ शकतो, किंवा एकेकच उरू शकतो. १४ चा तीनदा, किंवा १३ अथवा १४ चा एकदाच, हे गर्भ टिकत नाहीत. १३ चा तीनदा असलेलेही बहुतेक पडतात, क्वचित एखादं बाळ जन्मतं आणि त्याला गंभीर व्यंगं असतात. त्याला पटाऊ सिंड्रोम म्हणतात.

हे सहा प्रकार सारख्या संख्येने तयार होत नाहीत. बिनचूक वाटणीचे शुक्राणू बरेच जास्त असतात. असंतुलित बाळ जिवंत जन्मण्याची शक्यता या जोडीत एक टक्क्याच्या आसपास किंवा त्याहूनही कमी धरतात. बऱ्याच वाहकांना नैसर्गिकरीत्या निरोगी मुलं होतात. तुमचे तीन गर्भ यामुळेच गेले असं मात्र मी म्हणणार नाही. बाकीच्या तपासण्या सोडू नका.

बार्शीचा_बागाईतदार (सकाळी ६.२०)

मास्तर, वाचून बरं वाटलं. माझी दोन एकर द्राक्षबाग आहे, त्यावरून सांगतो. सीडलेस द्राक्षाला बी नसतं ते गुणसूत्रं तिप्पट झाल्यामुळंच. केळीचं पण तेच. मग माणसात जास्तीची आली तर झाडासारखं जगत का नाही?

जीवशास्त्र_मास्तर (६.४५)

केळीचं बरोबर. आपल्या खाण्याच्या बहुतेक केळीत ११ चे तीन संच, म्हणजे ३३, म्हणून बी धरत नाही. द्राक्षाचं तसं नाही. तुमच्या थॉमसनमध्ये साध्या द्राक्षासारखेच ३८, दोनच संच. तिथे फलन होतं, बी धरू लागतं आणि कोवळं असतानाच त्याची वाढ थांबते. बारकाईने बघा, मण्यात त्याची खूण दिसते. आणि पूर्ण संच वाढणं वेगळं, संचातली एकच वही वाढणं वेगळं. एकच वाढली की प्रमाण बिघडतं. पण हा विषय दुसऱ्या धाग्यावर घेऊ या, इथे नको.

निसर्गोपचार_घरोघरी (७.३०)

होटगी रोड, अश्वगंधा, झिंक आणि रोज भिजवलेले बदाम तीन महिने घ्या. शुक्राणू तीन महिन्यांत नवे तयार होतात, दोष निघून जातो. माझ्या मेव्हण्याला गुण आला.

काचपट्टी (८.०५)

शुक्राणू साधारण अडीच-तीन महिन्यांत नवे होतात हे खरं आहे. पण ते ज्या पेशींपासून होतात त्यांच्यातही तीच शिवलेली वही आहे. मेव्हण्यांची अडचण संख्येची किंवा हालचालीची असेल, ही वेगळी आहे. बदाम खा, पण त्याने टाका उसवत नाही.

निसर्गोपचार_घरोघरी (८.२०)

तुम्ही लॅबवाले प्रत्येक गोष्टीला नाहीच म्हणता. आहाराने कुणाचं नुकसान झालंय?

शेंगाचटणी (८.२६)

नुकसान वेळेचं होतं ताई. त्यांच्या घरात काढे दोन वर्षं झालेत, वर वाचा की.

विजापूर_वेस (८.४०)

आमच्या जोडीचं जवळपास हेच होतं, बायकोकडून. आम्ही थेट आयव्हीएफ केलं, भ्रूण तपासून ठेवला, मुलगी आता दोन वर्षांची आहे. हुतात्मा एक्सप्रेसने पुण्याला किती खेपा झाल्या ते विचारू नका, पण परत करायची वेळ आली तर हेच करीन. थांबून चौथ्यांदा तेच सोसू नका.

मीनल_कोथरूड (९.१०)

सगळ्यांना तो खर्च झेपत नाही, आणि इंजेक्शनं, अंडी काढणं हे सगळं पुन्हा त्यांच्या पत्नीच्याच अंगावर. सरांनीच लिहिलंय की नैसर्गिकरीत्या होतं.

विजापूर_वेस (९.१८)

गर्भ जाणं पण तिच्याच अंगावर ना ताई. मी फक्त आमचं सांगितलं.

काचपट्टी (९.४५)

दोन्ही रस्ते खरे आहेत. ठरवायचं त्या दोघांनी, समुपदेशकाशी बोलून. नैसर्गिक गर्भ राहिला तर साधारण ११ ते १३ आठवड्यांत वारेचा नमुना घेता येतो, किंवा १५ आठवड्यांनंतर गर्भजल, आणि गुणसूत्रं तपासता येतात. १९९४ च्या कायद्याप्रमाणे ही तपासणी नोंदणीकृत केंद्रातच होते आणि बाळाचं लिंग सांगितलं जात नाही. नुसता आकडा नव्हे, १४ च्या दोन्ही प्रती एकाच पालकाकडून आल्यात का हेही बघायला सांगा. ते क्वचित घडतं, पण या प्रकारात बघावं लागतं.

आणखी एक. तुमची टेस्ट रक्ताची आहे, म्हणजे शरीरपेशींची. पांढऱ्या पेशी साधारण तीन दिवस वाढवतो, विभाजन ऐन मध्यावर असताना औषधाने थांबवतो, पातळ द्रावणाने पेशी फुगवतो, मग काचेवर थेंब टाकतो. गुणसूत्रं पसरतात तेव्हाच मोजता येतात. ही फुगवण्याची युक्ती येण्याआधी गुणसूत्रं एकमेकांवर चढलेली दिसायची. १९२३ पासून तीसेक वर्षं माणसात ४८ असतात असंच जग मानत होतं. १९५६ मध्ये जो हिन चिओ आणि आल्बर्ट लेव्हान यांनी स्वीडनमधून ४६ चा आकडा छापला. मी रोज मोजते, तरी प्रत्येक नव्या काचेवर आधी आकड्यावर भरवसा ठेवत नाही, पट्टे जुळवते. तुमच्या शुक्राणूंत कुठला प्रकार किती आहे हे या रिपोर्टवरून कळत नाही. सोमवारी हा प्रश्न लिहून न्या.

होटगी_रोड (दुपारी ३.३५)

सगळ्यांचे आभार. सर, तुमचं उत्तर चारदा वाचलं. पहिल्यांदा बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, बावीस पण पूर्ण असतात हे एवढंच आधी कुणी सांगितलं असतं तर. मग रडली.

जेवताना आईला सांगितलं. शाळेच्या दोन वह्या घेतल्या आणि सुतळीने बांधून दाखवल्या. हा रिपोर्ट माझा आहे, तिचा नाही, हे पण सांगितलं. आई बराच वेळ काही बोलली नाही. मग उठून बायकोच्या ताटात भाकरी वाढली. आत्ता मघाशी तिनं मला विचारलं, ही शिवलेली वही माझ्याकडून आली का तुझ्या बापाकडून? मला उत्तर देता आलं नाही. हे शोधता येतं का? लहान बहिणीचं लग्न ठरलंय मे मध्ये, तिचं पण बघावं लागेल का?

काचपट्टी (४.१०)

येतं. दोघांचंही रक्त द्या. कधीकधी दोघांकडेही नसतं, ती नव्यानेच जुळलेली असते. कुणा एकाकडे निघाली तर बहिणीकडेही असू शकते. तिची टेस्ट लग्नाआधी करायची का नंतर, हे तिला सगळं सांगून तिलाच ठरवू द्या.

हिरव्या टोपणाची नळी लागते, साखरेच्या टेस्टची चालत नाही, हे घेणाऱ्याला आधी सांगा. नमुना फ्रीजरमध्ये गोठवू देऊ नका, पेशी जिवंत लागतात. आणि आईंना उपाशीपोटी आणायची गरज नाही.