मदत हवी आहे: आपले गेलेले लोक आता प्रभूजवळ आहेत की त्याच्या येण्यापर्यंत निजलेले?

सर्वांना प्रभू येशूच्या नावात सलाम. आमच्या मंडळीतल्या एका मावशींचे यजमान नुकतेच प्रभूमध्ये निजले, म्हणजे वारले. प्रार्थनेनंतर त्या माझा हात धरून विचारतात, "ते आत्ता कुठे असतील गं?"

बायबलमध्ये लूक 23:43 मध्ये येशू शेजारच्या वधस्तंभावरच्या अपराध्याला त्याच दिवशी सुखलोकात नेण्याचं वचन देतो. फिलिप्पैकरांस लिहिताना (1:23) प्रेषित पौलालाही ख्रिस्ताजवळ जाण्याची ओढ आहे. पण थेस्सलनीकाकरांस पहिल्या पत्रात (4:13-18) तोच पौल म्हणतो, प्रभू येईल तेव्हा ख्रिस्तात मेलेले आधी उठतील. मला दोन्ही खरं वाटतं: आत्मा आजच प्रभूजवळ, शरीराचं पुनरुत्थान त्याच्या येण्याच्या दिवशी. पण रडणाऱ्या बाईला हे सांगायचं कसं? त्यांना वाद नकोत, धीर हवाय. पौलानेही तो उतारा सांत्वनासाठीच लिहिलाय.

पाळकसाहेबांशी बोलणार आहेच. तरी ज्यांनी अशा घरी जाऊन धीर दिलाय त्यांनी सांगा, कोणता उतारा वाचलात, कोणतं गीत म्हटलंत? आणि "तिथे ते मला ओळखतील का?" याला काय उत्तर दिलंत? बुधवारी त्यांच्या घरी प्रार्थना आहे, त्याआधी कळवलंत तर फार बरं होईल.