दप्तरामुळे पाठीला बाक येतो का?

दोन_वेण्यांची_आई
लेक चौथीत आहे. परवा शाळेतून येताना मागून पाहिलं, तर मान पुढे काढून, कमरेत वाकून चालत होती, चढ चढत असल्यासारखी. रस्ता सपाट! रात्री तिला आधी दप्तरासकट काट्यावर उभं केलं, मग दप्तराशिवाय. ती २७ किलो, दप्तर ५ किलो ४००. सासूबाई म्हणतायत, कुबड येणार. खरंच येतं का, की मीच उगाच घाबरतेय?

हाडं_आणि_गप्पा
ताई, मी फिजिओथेरपिस्ट आहे, रोज हाच प्रश्न येतो. पाठीवर ओझं आलं की तोल मागे जातो. तो सावरायला मूल कमरेतून पुढे झुकतं, आणि समोरचं दिसावं म्हणून हनुवटी पुढे काढतं. तुम्ही पाहिलंत ते हेच. दप्तर उतरवल्यावर ती सरळ उभी राहते ना? मग कुबडाची भीती सोडा. मणका बाजूला वळतो तो स्कोलिओसिसही दप्तराने होत नाही. २०१८ साली 'ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन'मध्ये ६९ अभ्यास एकत्र तपासले होते, दप्तरामुळे मुलांची पाठदुखी वाढते याचा पटण्यासारखा पुरावा त्यात मिळाला नाही.

म्हणून कितीही भरा असं नाही हं. अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स वजनाच्या १० ते २० टक्क्यांची मर्यादा सांगते, तुमची लेक अगदी वरच्या टोकाला आहे. दोन्ही पट्टे खांद्यावर हवेत, दप्तराचा तळ कमरेखाली लोंबू नये, जाड पुस्तकं पाठीला चिकटून. हाताला मुंग्या येत असतील तर पट्टे रुततायत, ते लगेच बघा. आणि एकदा तिला पाय जुळवून पुढे वाकायला सांगा, मागून पाहा. पाठीची एक बाजू उंच दिसली तर डॉक्टरांना दाखवा, पण त्याचा दोष दप्तराला देऊ नका.

गृहपाठ_बाबांचा
चाकांचं दप्तर घ्या, विषय संपला.

हाडं_आणि_गप्पा
आणि जिने? चाकं, दांडा मिळून रिकामंच दप्तर जड होतं, ते एका हाताने उचलायचं म्हणजे पोर एका अंगाला वाकणार.

गृहपाठ_बाबांचा
बरं, ते लक्षात नाही आलं. मग निदान दप्तर उपडं तरी करा. आमच्याकडे खालच्या कप्प्यात दगड निघाले होते. 'संग्रह' आहे म्हणे.

दोन_वेण्यांची_आई
केलं उपडं. दगड नाहीत, पण गेल्या वर्षीच्या दोन वह्या आणि लिटरभराची बाटली काठोकाठ भरलेली, म्हणजे एक किलो नुसतं पाणीच! शाळेत नळ आहे, आता रिकामी नेते. काटा ३ किलो ९०० वर आलाय. वाकवूनही पाहिलं, दोन्ही बाजू सारख्या. पट्टे आवळले तर रुसून बसली, "सगळ्यांची दप्तरं खाली लोंबतात, माझंच वर!" आज शाळेतून आली तेव्हा पट्टे पुन्हा सैल होते.