जर्मनीतल्या रामस्टाइनची अमेरिकन एअर कमांड १९९१ नंतरच गुंडाळायला हवी होती का?

वैनतेय_७१:
माझं मत हो. ऑगस्ट १९४५ मध्ये युसाफे, म्हणजे अमेरिकन हवाई दलाची युरोपातली कमांड उभी राहिली, हेडक्वार्टर आधी वीसबाडेन, १९७३ पासून रामस्टाइन. सोव्हिएत युनियन संपलं, बिटबुर्ग, हान सारखे तळ बंद झाले पण हेडक्वार्टर हललं नाही, उलट २०१२ ला आफ्रिकेचं कामही त्यांच्याच गळ्यात. आणि परक्याच्या जमिनीवर बसलं की सगळं यजमानाच्या मर्जीवर. फ्रान्सचा अध्यक्ष द गॉलने सांगितलं तसे १९६७ पर्यंत फ्रान्समधले तळ रिकामे करावे लागले. १९८६ ला लिबियावर हल्ल्यासाठी इंग्लंडच्या लेकनहीथहून एफ-१११ बॉम्बर विमानं निघाली तर फ्रान्स, स्पेनने वरून जाऊच दिलं नाही, अख्ख्या स्पेन-पोर्तुगालला वळसा घालून जिब्राल्टरवरून जावं लागलं, हवेतच परत परत इंधन भरत. काय उपयोग मग?

कोयनाकाठ:
अहो वैनतेय, पण ती इंग्लंडहून निघाली ना! तिथे तळच नसता तर वळसा कुठून घालणार होता? आणि बर्लिन विसरलात. जून १९४८ ला रशियाने पश्चिम बर्लिनला जाणारे रस्ते-रेल्वे अडवली, आत वीस लाखांवर माणसं, तेव्हा युसाफेचा प्रमुख कर्टिस लमे होता आणि त्याने हाताशी होत्या त्या शंभरेक डकोटा मालवाहू विमानांवर हवेतून माल पोचवायचं काम सुरू केलं. आधी अमेरिकेतून कमांड उभी करत बसले असते तर लोक उपाशी मेले असते.

वैनतेय_७१:
सुरुवात केली, मान्य. पण निभावलं कोणी? डकोटात माल मावायचा साडेतीन टनाच्या आसपास. दहा टनवाली सी-५४ विमानं आली ती अलास्का, हवाई, पनामा अशा लांबलांबच्या ठिकाणांहून, आणि सगळं रांगेला लावलं विल्यम टनरने, तो युसाफेचा नव्हताच, वाहतूक दलातून आला होता. १३ ऑगस्टला बर्लिनच्या टेम्पलहोफ विमानतळावर पावसाढगात एक विमान जळालं, मागच्याचे टायर फुटले, वर विमानांची गर्दी आणि टनर स्वतः त्या गर्दीत अडकलेला. त्यानंतर नियम, उतरायचा चान्स एकच, हुकला की माल घेऊन सरळ परत. पायलटने विमान सोडायचं नाही, चहाकॉफी, हवामानाची माहिती सगळं जीपमधून विमानापाशी. हे तो शिकला होता आपल्या आसामातून हिमालयापलीकडे चीनला माल नेताना.

कोयनाकाठ:
मग लमेही खरगपूरहूनच बॉम्बर चालवून गेलेला, त्याचं काय! टनर ग्रेटच, पण ती विमानं उतरली कुठे? सुरुवातीला युसाफेच्याच वीसबाडेन आणि ऱ्हाइन-माइन तळांवर ना. धावपट्ट्या, गोदामं, वर्कशॉप आधीपासून उभी असतात म्हणून बाहेरची मदत कामाला येते, मी तर म्हणेन अशा कमांडचं खरं काम हेच आहे.

रडार_वाला:
दोघांचं एक निसटतंय. युसाफे आपल्या मर्जीने लढाई चालवत नाही हो, ती माणसं, विमानं, ट्रेनिंग तयार ठेवते, विंग आणि खाली स्क्वाड्रन अशा तुकड्यांत, आणि लढाईचे हुकूम स्टुटगार्टच्या, अमेरिकेच्याच युरोपियन कमांडकडून येतात. वर युसाफेचा प्रमुख जनरलच रामस्टाइनमधून नाटोचं हवाई मुख्यालयही सांभाळतो. म्हणजे तो उठून गेला तर नाटोचाही हवाई प्रमुख तिथून जातो, हा मुद्दा मला तळापेक्षा मोठा वाटतो.

वैनतेय_७१:
नाटोची ती खुर्ची युरोपियन जनरलला द्या की. जमीन त्यांची, आकाश त्यांचं. धावपट्ट्या आणि गोदामं राहू देत, कोयनाकाठ म्हणतात तेवढं पटलं. एवढ्या बड्या जनरलचं हेडक्वार्टर कशाला हवंय हे मात्र अजून कोणी सांगितलं नाहीये.