पांढरी माशी: मेलेल्या माश्या मोजायच्या की न घातलेली अंडी?

भुईचाफा:
आमच्या टोमॅटोपट्ट्यात फवारणीनंतर तिसऱ्या दिवशी पान हलवून बघतात. माशी उडाली की निकाल लागला, "औषध चाललं नाही." स्पायरोमेसिफेन या कीटकनाशकाबद्दल हा निकाल मला साफ चुकीचा वाटतो.

पांढरी माशी पानातला गोड रस पिते. त्यात साखर भरपूर, चरबी जवळपास नाहीच. अंड्याला मात्र चरबी लागतेच, कारण पिल्लू बाहेर पडेपर्यंत आईने भरून दिलेल्या शिदोरीवरच जगतं. कीटकांच्या अंड्याच्या कोरड्या वजनात साधारण ३० ते ४० टक्के मेद असतो आणि अंडपेशी स्वतः त्यातला अगदी थोडा बनवते. बाकीचा येतो मादीच्या मेदपिंडातून, म्हणजे चरबी साठवणाऱ्या अवयवातून. तिथे साखरेची चरबी होते आणि लिपोफोरिन नावाचं प्रथिन ती अंडाशयापर्यंत वाहून नेतं. स्पायरोमेसिफेन चरबी बनण्याची पहिलीच पायरी अडवतं. मादी धडधाकट दिसते, पण अंडी कमी घालते आणि त्यातलीही बरीच उबत नाहीत. म्हणून आठवड्याने पानाखालची पिल्लं मोजा, माश्या नाही.

रानवाट:
ताई, शास्त्र पटलं, पण लीफ कर्लचा, म्हणजे टोमॅटोची पानं आकसवणाऱ्या रोगाचा विषाणू आठवडाभर थांबत नाही. तो पसरवते उडणारी मोठी माशी. तिची अंडी आटली तरी सोंड शाबूत आहे ना! रोपं कोवळी असताना लागण झाली की झाड खुरटतं, फळ फारसं धरत नाही. तेव्हा मला माशी आज मेलेली हवी.

सूक्ष्मदर्शी:
माझा आक्षेप वेगळा आहे. तुम्ही सगळं श्रेय चरबीला देताय. एडिस डासाची मादी फुलांच्या मधुरसावर चरबी साठवते, तरी रक्त मिळेपर्यंत तिची अंडी पुढे सरकत नाहीत. रक्तातली अमिनो आम्लं मिळाली, संप्रेरकांचा इशारा झाला, की मेदपिंड व्हिटेलोजेनिन हे बलकाचं प्रथिन बनवू लागतो. उलट रेशमाचा पतंग काहीच खात नाही. अळीपणी साठवलेल्यावर शेकडो अंडी घालतो. म्हणजे चरबी हवीच, पण अंडी कधी वाढवायची हे ती एकटी ठरवत नाही.

भुईचाफा:
डासाचं मान्य. पण तिथे अडतं ते प्रथिनाशी, इथे औषधाने चरबीच अडवलीय. दोन्हींपैकी एक नसलं तरी अंडं रिकामंच. आणि रानवाटदादा, कोवळ्या रोपांचं तुमचं बरोबर आहे. त्यासाठी रोपवाटिकेलाच बारीक जाळी लावावी. फुलोऱ्यानंतर मात्र माझा मुद्दा कायम.

रानवाट:
जाळी लावतोच. पुनर्लागवडीनंतरचा पहिला महिना उघड्यावर जातो, त्याचं काय?

सूक्ष्मदर्शी:
आणि हेच औषध हंगामभर मारू नका. चरबी बनवणाऱ्या ज्या विकराला (एन्झाइमला) ते अडवतं त्यात एकच अमिनो आम्ल बदललेल्या पांढऱ्या माश्या सापडल्या आहेत. त्यांच्यावर ते नीट चालत नाही. त्यांची अंडी भरलेलीच राहतील.